किडा, पाखरू आणि आपला सडा

(वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान, स्मरणिकेच्या वाचकांसाठी)



वार्षिक समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर राजापूरजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या वेळची आंब्याची कलमे सांभाळतो आहे. म्हणून परसातल्या, शेतातल्या आणि सड्यावरच्या शिक्षणाबद्दल चार शब्द बोलावेत, असे मी ठरवले. माझा विषय आहे किडे आणि पाखरे. ऐकायला तो लहान मुलांचा वाटेल. पण ज्यांच्या घरी आंबा, काजू किंवा भात आहे, त्यांच्या वर्षाच्या हिशेबाशी हा विषय बांधलेला आहे. तो कसा, हे आपण पाहू.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमची कलमे अशी मोहरली की पान दिसेना. मोहोरावर तुडतुडे दिसले, पाठोपाठ फुलकिडे आले. शेजारच्या बागांत फवारणी सुरू झाली. आपण मागे राहायला नको, म्हणून मीही पंप लावला. पहिली फवारणी गरजेची होती. दुसरीबद्दल मला शंका होती. तिसरी तर निव्वळ भीतीपोटी झाली, आणि तीही मोहोर पूर्ण उमललेला असताना, भर सकाळी, ऊन वर आल्यावर. त्या वर्षी मोहोर गळून गेला आणि फळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके धरले. मी हवेला दोष दिला, दवाला दोष दिला, औषधाच्या दुकानदारालाही दोष दिला.

आमच्या शेजारी एक वयस्कर चाचा राहतात. शाळेचे तोंड त्यांनी फारसे पाहिलेले नाही. ते एका सकाळी बागेत आले, एका कलमाखाली पाच मिनिटे गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या बागेत आवाज नाय."

मला आधी कळलेच नाही. मग मीही कान देऊन उभा राहिलो. खरेच, फुललेल्या मोहोराखाली जी एकसारखी गुणगुण असते ती नव्हती. माश्या नव्हत्या.

मित्रहो, आंब्याच्या मोहोरात हजारो फुले असतात. त्यांतली बरीचशी नुसती नर फुले असतात. थोडी फुले नर आणि मादी अशी दोन्ही अंगे असलेली, आणि फळ धरते ते फक्त अशाच फुलातून. त्यासाठी एका फुलातले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचावे लागतात. हे काम आंब्याच्या बाबतीत मुख्यतः कोण करते? आपण मधमाशीचे नाव घेतो, आणि ती येतेही. पण मोठा वाटा असतो साध्या माश्यांचा. आपण जिला हाताने हाकलतो त्या घरमाशीच्या जातभाईंचा, हिरव्या-निळ्या चमकदार माश्यांचा आणि फुलावर एका जागी तरंगत राहणाऱ्या माश्यांचा. यांच्या अळ्या शेणात, कुजक्या पाल्यात वाढतात. काहींच्या अळ्या तर मावा खाऊन आपलेच काम करतात. मी जे औषध तुडतुड्यांसाठी मारले, त्याला तुडतुडा आणि माशी यांतला फरक कळत नव्हता. तो फरक मला कळायला हवा होता. परागीभवन हा धडा मी तीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. माझ्या स्वतःच्या बागेत मात्र मी तो एकदाही पाहिला नव्हता.

पाठ्यपुस्तकात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले यांतले हे अंतर ज्यांनी आयुष्यभर मिटवले, अशा एका माणसाची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावीशी वाटते. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. अगदी लहानपणी आईवडील गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतल्या घरात त्यांना वाढवले. हातात छर्ऱ्याची बंदूक आली आणि इतर मुलांप्रमाणे तेही चिमण्या मारू लागले. १९०८ च्या सुमारास त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी त्या मुलापुढे जतन केलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडले, आणि एका प्रश्नातून एक आयुष्य सुरू झाले. ही सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्याकडचे होते.

त्याहीआधीची एक नोंद त्यांनी जपून ठेवली होती. त्या वेळी ते नऊ-दहा वर्षांचे असतील. तबेल्याच्या भिंतीतल्या घरट्यावर बसलेला चिमणा त्यांनी मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर जोडीला आणला. तोही मारला, तिसरा आला. सात दिवसांत त्यांनी असे आठ नर टिपले. गोष्ट क्रूर आहे, आणि पुढे हा माणूस पक्ष्यांचा सर्वांत मोठा कैवारी झाला. पण मुलांनो, एवढ्या लहान वयात त्यांनी जे दिसले ते वहीत लिहून ठेवले, हे लक्षात घ्या.

विद्यापीठाची पदवी नसल्याने त्यांना हवी तशी नोकरी मिळाली नाही. १९३० मध्ये ते आपल्या कोकणातच, अलिबागजवळच्या किहीम येथे राहायला आले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तोवर समजूत अशी होती की नर आणि मादी मिळून घरटे विणतात. सलीम अली पावसाळाभर बसून पाहत राहिले. त्यांना दिसले ते निराळेच. नर एकटाच घरटे विणतो आणि अर्ध्यावर आणून थांबवतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीला घरटे पसंत पडले तर जोडी जमते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी अर्धवट लोंबत राहतात. आपण सर्वांनी ती अर्धी घरटी पाहिली आहेत. ती अर्धी का, हे कुणी विचारले नव्हते. सुगरण घरट्यात चिखल लावून त्यात काजव्यांचे दिवे लावते, असेही आपण ऐकत आलो. चिखल असतो हे खरे. दिवे मात्र गोष्टीतलेच.

आता याच सुगरणीच्या निमित्ताने मुख्य मुद्द्यावर येतो. सुगरण दाणे खाणारा पक्षी आहे, चिमणीही तशीच. पण त्यांच्या पिल्लांना सुरुवातीला दाणा पचत नाही आणि पुरतही नाही. मांस-हाडे भराभर वाढायची तर प्रथिने हवीत, आणि ती मिळतात अळ्या, नाकतोडे, कोळी यांतून. म्हणजे अंगणात तांदूळ टाकून चिमण्या जगतील. पण परसात अळ्या नसतील तर पिल्ले जगणार नाहीत. चिमणी सगळीकडून नाहीशी झाली, असे आपण म्हणतो. तसे झालेले नाही. मोठ्या शहरांत ती कमी झाली, खेडोपाडी पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. जिथे वई आहे, गवत आहे, कौलात फट आहे, तिथे ती आहे.

आणि किड्यांची वर्दळ आपल्याकडे केव्हा होते? पहिल्या पावसाला. जूनच्या त्या संध्याकाळी घराघरांतून काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. वाळवीची पंखवाली पाखरे वारुळांतून धूर निघावा तशी निघतात आणि दिव्यांवर येऊन पडतात. आपण दिव्याखाली पाण्याची परात ठेवतो आणि वैतागतो. बाहेर त्याच वेळी कोतवाल, साळुंक्या, कावळे, घारीसुद्धा त्या मेजवानीवर तुटून पडलेल्या असतात. पावशा ओरडतो, चातक येतो, सुगरण विणायला घेते, आणि आपण भात पेरतो. हे सगळे एकाच वेळापत्रकावर चालते आणि ते वेळापत्रक पावसाचे आहे. किड्यांचा भर आणि पिल्लांची भूक यांची गाठ पडावी लागते.

ही गाठ चुकली तर काय होते, त्याचा अभ्यास युरोपात झालेला आहे. नेदरलँड्समध्ये एक छोटा माशीमार पक्षी दरवर्षी आफ्रिकेतून येऊन ओकच्या रानात घरटी करतो. हवामान तापू लागले तसा तिथला वसंत लवकर येऊ लागला आणि झाडांवरच्या अळ्यांचा भरही लवकर ओसरू लागला. पक्षी मात्र आफ्रिकेतून जवळजवळ पूर्वीच्याच वेळी निघत राहिला. जिथे अळ्या सर्वांत लवकर संपत, अशा रानांत वीस वर्षांत तो सुमारे नव्वद टक्क्यांनी घटला, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला कुणी मारले नव्हते. तो फक्त उशिरा पोचला होता. आपल्याकडेही पाऊस लांबतो, थंडी उशिरा पडते, मोहोर पुढे जातो, हे बागायतदार दरवर्षी बोलून दाखवतात. मोहोराचा खर्च आपण मांडतो. त्या मोहोरावर येणाऱ्या माश्यांचे आणि त्या टिपणाऱ्या पाखरांचे वेळापत्रक मात्र कुणी मांडत नाही.

आता आपल्या सड्याकडे वळू. सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक जमीन. उन्हाळ्यात पाहिले तर काळा कातळ, करपलेले गवत आणि डोळे दिपवणारे ऊन. पण याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने चित्रे कोरली. बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ, कशेळी ही आपल्या राजापूर तालुक्यातली नावे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कशेळीला हत्तीची जी भव्य आकृती आहे, तिच्या पोटात कितीतरी प्राणी आणि पक्षी कोरलेले आहेत. त्या माणसाला सडा पडीक वाटला नव्हता. त्याला तिथे जनावरे आणि पाखरे दिसत होती.

पाऊस पडला की याच कातळावर बोटभर मातीत फुलांचे गालिचे पसरतात. गेंद, कवला, तेरडा, सीतेची आसवे. त्यांतल्या सीतेच्या आसवांचे नाव नाजूक असले तरी ती वनस्पती पाण्यातले बारीक किडे धरून खाते. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते. कातळावर पोषण कमी, म्हणून वनस्पतीच शिकारी झाल्या. फुलांवर मधमाश्या, माश्या, फुलपाखरे येतात, गवतात नाकतोडे वाढतात आणि त्यांच्यामागे चंडोल, रातवे आणि टिटव्या येतात.

यांतल्या माळटिटवीकडे मुद्दाम पाहा. डोळ्यांपुढे पिवळी गलोल असलेली ही टिटवी घरटे बांधतच नाही. मार्च-एप्रिलनंतरच्या कडक उन्हात ती उघड्या कातळावर, चार खड्यांच्या मध्ये, खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी घालते. अंडी उबवणे हे पक्ष्याचे काम; इथे मात्र अंडी उन्हात शिजू नयेत म्हणून ती गार ठेवावी लागतात. त्यासाठी टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. म्हणजे सड्यावरची एखादी पाणथळ डबकी बुजली, तर फक्त पाणी गेले असे होत नाही.

सडा वेगाने बदलतो आहे. चिरेखाणी झाल्या, सुरुंग लावून खड्डे पाडून बाहेरची माती घालून कलमे लावली गेली, रस्ते झाले, कुंपणे झाली. माझी स्वतःची वीस कलमे अशीच कातळ फोडून लावलेली आहेत. तेव्हा मी कुणाला उपदेश करत नाही. कोकणातल्या माणसाने मुंबईला न जाता गावात पोट भरावे, ही आपल्या सर्वांची इच्छा आहे, आणि त्यासाठी बागा हव्यात. बाग झाली की बुलबुल, शिंजीर, खारी वाढतात हेही खरे. पण बुलबुल वाढला म्हणून टिटवीची भरपाई होत नाही. सगळा सडा एकसारखा करू नये, दर वाडीने आपल्या सड्याचा थोडा भाग, एखादे डबके, गवताचा एखादा पट्टा मोकळा ठेवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुन्हा फवारणीकडे येतो, कारण माझी चूक तिथली आहे. औषधाचा आणखी एक गुण असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. एकच औषध वारंवार मारले की दुबळे किडे मरतात आणि त्याला तोंड देऊ शकणारे थोडे उरतात. पुढची पिढी त्या उरलेल्यांची असते. आपण मात्रा वाढवतो आणि तेही पुन्हा उरतात. दुसरीकडे तुडतुडे खाणारे कोळी, ढालकिडे, झाडावर पाने शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्या हे आपले बिनपगारी राखणदार त्याच फवाऱ्यात मरतात. त्यांची वाढ किडीपेक्षा सावकाश होते. मग किडीला रान मोकळे मिळते.

भातशेतीत हेच एकदा बेडकांच्या बाबतीत झाले. परदेशी हॉटेलांत बेडकाच्या तंगड्यांना मागणी होती आणि आपल्या देशातून त्या टनावारी जात होत्या. शेतातला बेडूक हा किडे आणि खेकडे खाऊन शेत राखणारा प्राणी आहे, त्याला विकून आपण विषारी औषध विकत घेतो, हा मुद्दा ज्यांनी चिकाटीने मांडला, त्यांत सलीम अलींचे नातलग हुमायून अब्दुलअली हे पक्षितज्ज्ञ आघाडीवर होते. १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली. हेच हुमायून अब्दुलअली वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर जाऊन सुरय आणि पाकोळ्या यांची पाहणी करून आले होते, आणि १९४२ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

औषध किती दुरून मारते, याचे सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना गावाबाहेर मेलेल्या जनावरावर बसलेली गिधाडे आठवत असतील. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदली. आधी रोगाचा संशय होता. २००४ मध्ये उलगडा झाला: दुखण्यावर गुराढोरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक. असे जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. गुरे बरी करायचे औषध, शत्रुत्व कुणाचेच नाही, आणि तरी पांढऱ्या पाठीची शंभर गिधाडे होती तिथे एखादे उरले. २००६ मध्ये या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पण जाते ते दहा वर्षांत जाते आणि परत यायला पिढ्या लागतात.

सगळेच बदल औषधाचे नसतात. उजेडाचाही एक बदल आहे. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, आपल्या रानांत काजवे चमकतात. ती चमक म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते आणि प्रत्येक जातीची उघडझाप निराळी असते. काजव्याचे पंखवाले आयुष्य थोड्या दिवसांचे. त्याआधी बराच काळ त्याची अळी ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढलेली असते. आता आपण पाचोळा जाळतो आणि रात्रभर आवारात पांढरा प्रखर दिवा ठेवतो. पाचोळा जाळला की अळी जाते. दिवा ठेवला की साद कुणाला दिसत नाही. मुलांनो, तुमच्या दादीने किंवा नानीने पाहिलेले काजव्यांचे झाड तुम्ही पाहिले आहे का, हे आज घरी गेल्यावर विचारा.

इतके सगळे ऐकून मन खट्टू होईल. म्हणून एक चांगली गोष्ट सांगतो. ती खूप दूरची आहे, पण तिचा मार्ग आपल्या देशाच्या डोक्यावरून जातो. अमूर ससाणा नावाचा कबुतराहून लहान शिकारी पक्षी आहे. तो सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनकडे वाढतो आणि हिवाळ्याला दक्षिण आफ्रिकेत जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये लाखोंनी उतरतो आणि तिथे बाहेर पडणारी वाळवीची पाखरे खाऊन अंगात चरबी साठवतो. मग तो मध्य व पश्चिम भारत आणि अरबी समुद्र ओलांडून काही दिवसांत थेट सोमालिया गाठतो. याच ऋतूत, याच दिशेच्या वाऱ्यावर कोट्यवधी चतुरही भारतातून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात, असे संशोधकांनी २००९ मध्ये मांडले. ससाण्याची शिदोरी त्याच्याबरोबर उडत असते, असे म्हणायला हरकत नाही. पावसाळा संपताना आपल्या शेतांवर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात ना? त्यांतल्या काहींच्या पुढच्या पिढ्या समुद्रापलीकडे जन्मतात.

२०१२ मध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाजवळ, हे ससाणे जाळी लावून लाखाच्या वर मारले जात असल्याचे उजेडात आले. मारणारे दुष्ट नव्हते. मासेमारीत पोट भरत नाही म्हणून गरीब माणसे पाखरे विकत होती. कार्यकर्ते गावात गेले, बोलले. गावपंचायतींनी आणि तिथल्या चर्चनी मनावर घेतले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, शिकार थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहाशी बोलणारी यंत्रे लावून सोडले गेले, आणि त्यांतल्या एकाला त्या गावाचेच नाव दिले, पांगती. आज ते गाव ससाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. एका वर्षात माणसे बदलू शकतात, हे मी या गोष्टीतून घेतो.

मग आपण काय करावे? मी चारच गोष्टी सांगतो आणि चारही बिनखर्चाच्या आहेत.

पहिली, बागायतदारांसाठी. कॅलेंडर पाहून फवारू नका. आधी मोहोर झटकून किडे मोजा. मोहोर पूर्ण उमललेला असताना शक्य तितके थांबा. थांबता येणार नसेल तर माश्या फिरत नाहीत अशा वेळी, संध्याकाळी फवारा आणि औषध आलटून पालटून वापरा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आपल्या हाताशी आहे. दुकानाच्या फळीकडे पाहण्याआधी तो घ्या.

दुसरी, घरांसाठी. बागेच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग राहू द्या. वईतली गावठी झुडपे मुळापासून काढू नका. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी बाहेरचा दिवा तासभर मालवा. काजव्यांच्या दिवसांत तो रात्रभर मालवलेला बरा.

तिसरी, गावांसाठी. सड्याचा एक तुकडा आणि एक डबके राखा. टिटवी ओरडून अंगावर आली तर पाय जपून टाका. तिची अंडी तुमच्या पायाशीच असतात.

चौथी विद्यार्थ्यांसाठी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एक वही करा. तीत रोज एक ओळ लिहा. आज पावशा पहिल्यांदा ओरडला. आज वाळवीची पाखरे निघाली. आज आंब्यावर माश्या दिसल्या, किंवा दिसल्या नाहीत. तारीख, वेळ आणि जागा घाला. अंदाज असेल तर अंदाज असे लिहा. तुम्हाला वाटेल, याचा काय उपयोग? २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ मुदतीचा कल ठरवता आला, त्यांतल्या २०४ जाती घटल्या आहेत, असे त्यात दिसले. ही माहिती काही थोड्या शास्त्रज्ञांनी गोळा केलेली नाही. सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांनी, तुमच्याआमच्यासारख्यांनी, केलेल्या नोंदींतून ती उभी राहिली. त्यांत आपल्या सड्यावरच्या नोंदी किती असतील? त्या तुम्हीच करू शकता, कारण तुम्ही इथे राहता. मुलींना मी खास सांगेन. परसात आणि विहिरीवर तुमचा वेळ जातो. मुलांना दिसत नाही ते तुम्हाला दिसते. लिहून ठेवा.

कुराणशरीफात मधमाशी आणि मुंगी यांच्या नावाची प्रकरणे आहेत, हे आपण लहानपणापासून जाणतो. एवढ्याशा जिवांकडे लक्ष देणे हे कमीपणाचे नाही, असाच त्याचा अर्थ मी घेत आलो आहे.

शेवटी माझ्या बागेचे काय झाले, ते सांगतो. नाहीतर चूक सांगून निघून गेला, असे तुम्ही म्हणाल. गेल्या दोन हंगामांत मी फवारण्या निम्म्यावर आणल्या, उमलत्या मोहोरावर पंप लावला नाही, आणि दोन कलमांखाली पाचोळा व शेण कुजत ठेवले. पहिल्या वर्षी काही फळ तुडतुड्यांनी नेले, तेव्हा घरातून बोलणी खाल्ली. दुसऱ्या वर्षी फळ बरे धरले. पण दोन हंगामांवरून निष्कर्ष काढू नये, असे मी तुम्हाला वर्गात शिकवत आलो, तेव्हा मीही काढत नाही. माझी वही चालू आहे. जानेवारीत चाचा पुन्हा बागेत आले, कलमाखाली उभे राहिले. या वेळी ते काही बोलले नाहीत. हात कानामागे धरून ऐकत राहिले आणि मान हलवून पुढच्या कलमाकडे गेले.